रविवारी न वाजलेले दोन फोन

"काल फोन का उचलला नाहीत?"

डायलिसिसच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच दौलत परबांना हा प्रश्न आला. विचारणारी मनवा कर्णिक, परळच्या त्या इस्पितळात प्रत्यारोपणाची समन्वयक. दौलतना आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

किडनी आली होती. रक्तगट जुळत होता, यादीत नाव वर होतं. रविवारी दुपारी मनवाने दौलतच्या नंबरवर फोन केला, पुन्हा केला, मग मुलाच्या नंबरवर केला. दोन्हीकडे रिंग वाजत राहिली, उचललं कुणीच नाही. किडनी थांबत नाही. ती यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेली.

आणि त्या दुपारी परबांचं अख्खं घर लालबागच्या गोविंद बिल्डिंगमध्ये, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत होतं. दौलत पलंगावर, फोन उशाशी. मुलगा स्वप्नील त्याच पलंगाला टेकून आपल्या फोनवर मॅच बघत होता. बायको जाईबाई मोरीत बांगडे साफ करत होती. फोन वाजला नाही. दोन्ही फोनांत मिस्ड कॉलची नोंदही नव्हती.

मनवाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती जास्त वाईट होती. बोलावल्यावर न सापडणाऱ्या माणसाचं नाव समिती बाजूला ठेवते. शुक्रवारी बैठक होती. तोवर पटेल असं कारण द्यायचं, नाहीतर दौलत यादीतून खाली.

गोविंद बिल्डिंगला पहिल्याच दिवशी गुन्हेगार सापडला: टॉवर. शोधून दिला रघुवीर सामंताने. तळमजल्यावर रघुवीरचं मोबाईलचं दुकान, सेतू टेलिकॉमची एजन्सी. लालबागमधली सेतूची बाकीची दुकानं एकेक करून बंद झाली होती, कारण कंपनीला आता सगळं ॲपवर हवं होतं. रघुवीरचं तेवढं टिकून होतं. दारावर फ्लेक्स होता: 'फाईव्हजीचा वेग, कवचची शांती. अनोळखी कॉलपासून मुक्त व्हा.' दिवाळीत त्यानेच चौकात मांडव घालून चाळीतली सेतूची सगळी सिम फुकटात बदलून दिली होती. आता त्याच कंपनीच्या नावाने तो बोंब मारत होता. नवं नेटवर्क चालवायला जुनं मारतात, आपल्या गच्चीवरचा टॉवर मुद्दाम मंद ठेवतात, दौलतभाऊची किडनी यांनी खाल्ली, असं तो म्हणाला आणि चाळीला ते पटलं.

मोर्चा निघाला. सेतूच्या परळच्या शोरूमच्या काचेच्या दारासमोर रघुवीर स्टुलावर चढला. मी स्वतः सेतूचा लालबागमधला पहिला ग्राहक, दुकानाच्या पाटीवरचा माझा नंबर आजही तोच आहे, आणि तरी मी तुम्हाला जाब विचारतो, हे वाक्य त्याने छान म्हटलं. टाळ्या पडायच्या ऐन वेळी खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, "नको म्हटलं ना मॅडम, क्रेडिट कार्ड नको," असं खेकसून ठेवला आणि पुन्हा मूठ आवळली. लोक हसले, टाळ्याही पडल्या.

मागच्या रांगेत मालन तिरोडकर उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. टाळी वाजवायची तिला सवयच नव्हती. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तिचा जन्म गेला होता आणि तिथे तिला पगार मिळायचा तो लोकांवर विश्वास न ठेवण्याचा. जळालेल्या गोदामात माल होता का, मेलेला माणूस खरंच मेला का, हे ती चहा पिता पिता काढून घ्यायची. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोड राहिली. दुसऱ्या मजल्यावर परबांच्या शेजारी राहून ती माणसांच्या जमाखर्चाकडे बघायची: कोण किती बोलतो आणि त्यातलं किती त्याला परवडतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने नूपुर देसाई नावाची अधिकारी पाठवली. सोबत इंजिनियर होता. त्यांनी गच्ची पाहिली, आलेख दाखवले. टॉवर ठणठणीत होता.

"आमच्या सिस्टीमप्रमाणे दोन्ही नंबरांवर रिंग गेलेली आहे," नूपुर म्हणाली. "फोनमध्ये नोंद नसेल तर ती कुणीतरी पुसली असेल. तो तुमचा घरगुती प्रश्न आहे."

एवढंच बोलून ती गेली. पण चाळीला एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत नळावर हिशोब जुळला होता. ऑपरेशन झालं असतं तर खर्चासाठी खोली विकावी लागली असती. स्वप्नीलचं स्पृहाशी लग्न ठरलेलं, त्याला खोली हवी. फोन त्याच्या हाताशी होते. आणखी काय पाहिजे? त्याहून वाईट झालं ते घरात. मुलाने पुढे केलेला चहाचा कप दौलत घेईनात, जाईबाईच्या हातूनच घ्यायला लागले.

जाईबाई मालनच्या दारात येऊन उभी राहिली.

"मालन, जन्मभर लोकांका खोटा ठरवलंस," ती म्हणाली. "आता माझ्या झिलाक खरो ठरव."

मालनने तिला आत घेतलं नाही. स्वप्नीललाच बोलावलं.

"मिस्ड कॉल पुसलास?"

"मावशी, तुम्ही पण?"

"मी सगळ्यांना विचारते. माझे वडील गेले तेव्हा विम्याचे पैसे आईला मिळणार होते, तिलासुद्धा विचारलं होतं. पुसलास?"

"नाही."

"मॅच बघताना मध्येच अडकली?"

"एकदाही नाही."

"त्या दुपारी कुणाचाच फोन आला नाही?"

"आला ना. मला स्पृहाचा, बाबांना भायखळ्याच्या आत्याचा. दोन्ही वाजले, दोन्ही घेतले."

"नवीन नंबरवरून एखादा?"

स्वप्नीलने आठवून पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली.

जाईबाईला मालनने वेगळंच विचारलं: दुपारी झोप लागते का. जाईबाईला प्रश्न कळला नाही, पण तिने उत्तर दिलं. हल्ली लागते, बरी लागते. आधी डोळा मिटला की कर्जवाली पोरगी फोन करायची, कधी प्लॉटवाला. दिवाळीपासून एकही नाही. घरात दुखणं शिरलंय हे त्यांनाही कळलं असावं, आता कर्जसुद्धा कोण देत नाही. सांगता सांगता ती जरा हसली.

"दिवाळीत सिम बदललं तेव्हा काही त्रास झाला?"

त्रास कसला, जाईबाई म्हणाली, रघुवीर भला माणूस. ओटीपी दोनदा मागावा लागला, पहिला फुकट गेला म्हणून, तरी वैतागला नाही. सगळ्यांचंच दोनदा झालं होतं.

मालन जिन्याने खाली उतरली तर नवा गॅसवाला चौकात सिलेंडर आपटून गळा काढत होता. या बिल्डिंगीत फोन उचलायला कुणाला हात नाहीत का, असं त्याचं म्हणणं होतं. जुना होता तेव्हा फोनवर काम व्हायचं, याला प्रत्येक मजल्याच्या नावाने ओरडावं लागत होतं. मालनने त्याला पाणी दिलं आणि त्याला फोनवर कोण कोण सापडतं तेवढं विचारलं. त्याने बोटावर मोजलं. एक सोडला तर त्यांतल्या कुणाचंच सिम सेतूचं नव्हतं. सेतूचा तो एकच जण पहिल्या रिंगला उचलायचा.

मालन रघुवीरच्या दुकानात गेली नाही. तिने मनवा कर्णिकला फोन लावला.

गुरुवारी दुपारी नूपुर पुन्हा आली. या वेळी हातात नव्या फोनचं खोकं होतं. कंपनीने सहानुभूती म्हणून परबांना हा हँडसेट द्यायचं ठरवलं होतं. बदल्यात टॅबवर एक सही करायची: तक्रारीचं निवारण झालं. चौकात खुर्ची टाकून दौलतना बसवलं होतं. रघुवीर नूपुरच्या बाजूला उभा राहून, एवढ्यावर भागणार नाही, वरचं मॉडेल द्या, म्हणून भांडत होता. चाळ गॅलरीतून वाकून बघत होती. स्वप्नील जिन्याशी, एकटा.

"सही होईल," मालन म्हणाली. "आधी एक फोन होऊ दे."

तिने दौलतचा आणि स्वप्नीलचा फोन घेऊन खोक्यावर ठेवले. मग स्वतःचा फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे मनवा होती.

"मॅडम, रविवारी ज्या फोनवरून लावलात, तोच समोर आहे?"

"तोच. नेहमीचा नंबर वेगळा, पण जी लाईन मोकळी असेल ती आम्ही वापरतो."

"लावा. दौलतचा."

मनवाने लावला. स्पीकरमधून तिच्या टेबलावरची रिंग साऱ्या चौकाला ऐकू येत होती, ट्रिंग ट्रिंग, अगदी व्यवस्थित. खोक्यावरचा फोन मात्र दगडासारखा पडून होता. स्क्रीनसुद्धा उजळली नाही. मग स्वप्नीलचा. तेच.

"पुसलं कुणी आत्ता?" मालनने वर गॅलरीकडे बघत विचारलं. "सगळ्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर आहेत." मग ती फोनकडे वळली. "मनवा मॅडम, आता मी दिलेल्यांतला शेवटचा, दुकानाच्या पाटीवरचा नंबर."

रघुवीरच्या खिशात फोन खणखणला. त्याने तो काढला नाही.

"अनोळखी नंबर आहे, रघुवीर. तुझ्याकडे बरा आला."

"माझा हँडसेट वेगळा आहे, मालनताई."

"हँडसेट वेगळा नाही, मन वेगळं आहे. बस त्या स्टुलावर, मोर्च्यातलाच आहे." मालनने पदर खोचला. "दिवाळीपासून या चाळीत एक गोष्ट हरवली आणि कुणी तक्रार केली नाही, कारण ती कुणाला नकोच होती. कर्जवाल्यांचे फोन. घरची माणसं लागतात, आत्या लागते, स्पृहा लागते. परका लागत नाही. गॅसवाला लागत नाही. इस्पितळातली दुसरी लाईन लागत नाही. टॉवर बिघडला असता तर आत्याही लागली नसती, आणि स्वप्नीलची मॅचही अडकली असती. परका तेवढा निवडून अडवायचा, हे बिघाडाचं काम नाही. ते फ्लेक्सवर लिहिलेलं काम आहे."

सगळ्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"कवच. ज्या नंबराशी आधी बोलणं झालंय तेवढाच आत, बाकीचे कंपनीच्या दारातूनच परत. लावणाऱ्याला मात्र रिंग ऐकू येते, म्हणजे त्याला वाटावं माणूस उचलत नाही. यांच्या सिस्टीममध्ये रिंग गेली ती तिथपर्यंत. आता कवच मागितलं कुणी? कुणीच नाही. मांडवात सगळ्यांचे ओटीपी दोनदा घेतले. पहिला फुकट नव्हता गेला. पहिल्यात सिम बदललं, दुसऱ्यात कवच चढलं."

"कंपनी करते ते," रघुवीर म्हणाला. "माझा काय संबंध?"

"कंपनीने केलं असतं तर तुलाही चढलं असतं, पहिला ग्राहक तू. पण मोर्च्यात तुला क्रेडिट कार्डवालीचा फोन आला. चाळीतल्या सेतूवाल्यांत एकट्या तुला. दुकानदाराला परका माणूस म्हणजे गिऱ्हाईक, ते अडलं तर धंदा बसेल हे तुला ठाऊक होतं. स्वतःला वगळलंस तिथेच तू सही केलीस, बाबा. आणि दौलतचं कळल्यावर एका बटणात काढता आलं असतं. तू स्टुलावर चढलास. टॉवरकडे बोट दाखवलंस. बोट तिथून सुटलं आणि या पोरावर आलं, तेव्हाही गप्प बसलास."

रघुवीरने खिशातला फोन हातात धरला होता. तो गरगर फिरवत तो स्टुलावर बसला.

"बाकीची दुकानं बंद केली यांनी," शेवटी तो म्हणाला. "जो कवचचं टार्गेट भरेल तोच राहणार. वाटलं, लोकांची कटकट जाईल, कुणाला कळणारही नाही. दौलतभाऊ, आईशपथ, किडनीचा फोन परक्या नंबरवरून येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि डोक्यात आल्यावर?" स्वप्नीलने जिन्यावरून विचारलं.

नूपुर सावरून पुढे झाली. हा एजंटचा गैरप्रकार आहे, कंपनी आजच त्याची एजन्सी काढून घेईल, त्यामुळे विषय संपला, असं ती म्हणाली.

"टार्गेट कुणी दिलं?" मालनने विचारलं. "आणि यांच्या नंबरावर कवच आहे, हे तुमच्या सिस्टीमला परवा दिसत नव्हतं?"

"ते माझ्या खात्यात येत नाही."

"तुम्ही बघितलंत का, एवढंच सांगा."

नूपुर टॅबकडे बघत राहिली. "मला फक्त टॉवर बघायला सांगितलं होतं," ती हळू म्हणाली.

स्पीकरवर मनवा अजून होती. तिने हे सगळं ऐकलं होतं आणि तिने लावलेले फोन इथे वाजलेच नाहीत हेही तिला आता ठाऊक होतं. बैठकीत कंपनीच्या पत्राची गरज नाही, ती म्हणाली, मी स्वतः सांगेन. नाव जागेवर राहील. फक्त यापुढे फोन लागेल असं करा.

"तेवढं आम्ही आत्ताच्या आत्ता करतो," नूपुर घाईने म्हणाली आणि टॅब दौलतच्या मांडीवर ठेवला. "इथे सही केलीत की लगेच. हँडसेटही तुमचाच."

दौलतनी खोकं उचलून जमिनीवर ठेवलं. टॅब उचलून नूपुरच्या हातात परत दिला. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी जिन्याकडे, मुलाकडे मान वळवली.

"स्वप्नील, हयं ये," ते म्हणाले. "तेंका सांग, कवच काढा, पण तक्रार बंद होवची नाय. मोठ्यान सांग रे. माझो आवाज पोचत नाय."

स्वप्नील बापाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने ते सांगितलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.