पुसलेले संदेश

दवाखान्याच्या वेबसाइटचं काम तसं सरळ होतं. बघणाऱ्याच्या फोनची भाषा ओळखायची आणि त्या भाषेतला संदेश दाखवायचा. तो नसेल तर इंग्रजी. मराठी संदेश धाकट्याने लिहिलेले, बाकीचा सगळा उपद्व्याप ताईचा. सख्खी भावंडं एकाच टेबलाला बसत. धाकटा ताई म्हणे, म्हणून अख्खं ऑफिस तिला ताई म्हणू लागलं.

धाकट्याच्या छातीत कळ आली, तेव्हा "एवढं संपव, मग जा," म्हणून साहेबांनी त्याला बसवून ठेवलं. तो खुर्चीतच गेला. तेव्हापासून साहेबांचा नुसता आवाज ऐकला तरी ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तरी ती नोकरीला चिकटून होती, कारण धाकट्याचं बोलणं आता त्या संदेशांतच तेवढं उरलं होतं.

आज ते काढायचा हुकूम आला.

"'घाबरू नका, डॉक्टर येताहेत, तोवर घोटभर पाणी प्या.' दवाखाना आहे का माहेर?" साहेब म्हणाले. "नवे मशीनकडून करून घेऊ. हे सगळं काढ. आणि प्रत ठेवायची नाही, कंपनीचा माल आहे."

मेल्या माणसाचे शब्दसुद्धा यांचा माल! ताईने दातओठ खात मराठीची फाइल पुसली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. आता तिच्या फोनवर इंग्रजी दिसायला हवं होतं.

मराठीच दिसलं.

जुनं काही साठून राहिलं असेल म्हणून तिने तेही पुसलं. मग रिपोर्टचं पान उघडलं. ते तिने गेल्याच आठवड्यात केलं होतं, त्याचे मराठी संदेश कुणी लिहिलेच नव्हते. तिथे ओळ होती: 'रिपोर्ट वाचून जीव खालीवर करू नका. घरचं कुणी शेजारी बसवा.'

बोलणं धाकट्याचंच होतं.

बाकीचे जेवायला गेले होते. साहेब तरातरा आले.

"काढ म्हटलं होतं ना?"

"काढलंय."

"मग हा काय चावटपणा?"

त्यांनी स्वतःचा फोन तिच्या नाकासमोर धरला. तो फोन कायम इंग्रजीत असे. त्यावर मराठीत लिहिलं होतं: 'साहेब, बसून घ्या. कळ आता डाव्या हातात उतरेल.'

"हे मी लिहिलेलं नाही," ताई म्हणाली.

साहेब काहीतरी खेकसणार होते. पण त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि डावा दंड घट्ट धरला.

मग ते बसले. धाकट्याच्या खुर्चीत.

"ताई..." साहेब कसेबसे म्हणाले.

तिच्या स्क्रीनवर एक चौकट उघडली. 'ताई, मदत बोलावू?' खाली दोन बटणं होती: 'हो, लगेच' आणि 'थोड्या वेळाने'.

ताईने पहिल्या बटणावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मग दुसऱ्यावरचं. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश.