सही त्यांची, रक्त तिचं

"आजींची शुगर ताब्यात आहे ना?" फोनवर डॉक्टरांनी विचारलं, आणि दारात उभ्या असलेल्या सुनेच्या हातातली ती निळी वही एकाएकी जड झाली... एक शब्द, फक्त एक 'हो', की तीन वर्षं उरात धुमसणारा सूड आपोआप पुरा होणार होता!

आत खोलीत सासूबाई खोकत होत्या. तापाचा तिसरा दिवस, कोरोनाची तपासणी पॉझिटिव्ह. हॉस्पिटलात खाटा मोजक्याच उरल्या होत्या.

"कसंय, मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाला हा आजार फार लवकर खाली पाडतो," डॉक्टर सांगत होते, "म्हणून अशांना आम्ही आधी दाखल करतो. पण तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. उपाशीपोटी एकशे अडतीस, एकशे चाळीस... मधुमेही बाईच्या मानानं झकास! मग घरीच ठेवा त्यांना. काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा."

वेगळं! अहो, त्या वहीत सगळंच वेगळं होतं.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी गल्ली त्यांना 'हेडबाई' म्हणून टरकायची, पण सुई दिसली की हेडबाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. गोडाचा सोस तर असा, की उशीच्या अभ्र्यातसुद्धा चॉकलेटं! मुलगा जहाजावर इंजिनिअर. दर रविवारी वहीचा फोटो मागायचा. म्हणून सून घरात आल्या आल्याच त्यांनी फर्मान काढलं, "बोट तुझं टोच आणि आकडा माझा म्हणून लिही. दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवतेस, तुझ्या बोटांना सुईचं काय कौतुक?" बिचारी नवी सून... तिनं मुकाट्यानं बोट टोचलं. तेव्हापासून रोज सकाळी रक्त तिचं, आणि आकड्यापुढे लाल शाईची दिमाखदार सही सासूबाईंची!

वर्षभरानं तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं. 'एकदा लेकीला डोळे भरून पाहू दे' असा त्यांचा निरोप घरच्या फोनवर आला, आणि सासूबाईंनी तो दोन दिवस पोटात ठेवला! त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या सासरचे बारा जण जेवायला यायचे होते. स्वयंपाक कोण करणार? तिसऱ्या दिवशी ती माहेरी पोचली तेव्हा वडिलांचा पलंग रिकामा होता. "विसरलेच गं मी," सासूबाई एवढंच म्हणाल्या, तेही वर्तमानपत्रातून मान वर न करता.

त्या दिवसानंतरही ती बोट टोचत राहिली, पण आज्ञा म्हणून नव्हे. खा म्हातारे, खा! हवं तेवढं खा! चॉकलेटं संपत आली की आता तीच गुपचूप आणून ठेवायची.

"हॅलो? ऐकताय ना?"

"दोन मिनिटं थांबा, डॉक्टर." तिच्या घशाला कोरड पडली होती. हल्ली तहान फारच लागायची. घटाघटा पाणी पिऊन, मास्क बांधून ती आत गेली.

"सांग त्यांना... सगळं ठीक आहे म्हणून," सासूबाई धापा टाकत पुटपुटल्या. "पोराला... उगाच घोर नको."

म्हणजे काम फत्ते! म्हातारी स्वतःच्याच खोटेपणात बुडत होती. सुनेनं नुसतं काठावर उभं राहायचं होतं. पण त्याच क्षणी तिच्या अंतःकरणात आग पेटली... ही गेली तर ते दोन दिवसही हिच्याबरोबर जातील! 'विसरलेच गं मी' हेच कायमचं खरं ठरेल! इतकी सहज सुटका? छे!

तिनं सासूबाईंचा हात खसकन ओढला. "आज तुमचं बोट!"

"नको गं... दुखतं..."

"दुखू दे! आणि मरायचं नाही तुम्ही, सांगून ठेवते! माझ्या बाबांच्या त्या दोन दिवसांचा जाब दिल्याशिवाय निघालात कुठं?"

तिनं सुई बोटाच्या मधोमध खुपसली. मशीनवर आकडा आला, चारशे सहासष्ट.

"डॉक्टर, वही खोटी आहे," तिनं फोन उचलून सांगितलं. "ते रक्त माझं आहे. मला सगळं माहीत होतं, तरी लिहीत राहिले."

पलीकडून लगेच उत्तर आलं, "ताबडतोब घेऊन या!"

तीन आठवडे ऑक्सिजन, इन्सुलिन, आणि दूरचे फोन. "माझ्या आईच्या जिवावर उठलीस तू!" नणंद किंचाळली. ते निम्मं खरंच होतं, हे सुनेला ठाऊक होतं.

सासूबाई घरी आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. नणंद निकाल ऐकायला येऊन बसलेली, मुलगा जहाजावरून फोनच्या पडद्यावर. सासूबाईंनी चष्मा, लाल पेन आणि निळी वही मागितली. आता आपली धिंड निघणार, म्हणून सून भिंतीला टेकून उभी राहिली.

पानं उलटता उलटता सासूबाई थांबल्या. "या दोन सह्या... या केल्या तेव्हा हिचे वडील जिवंत होते. निरोप मी विसरले नव्हते. मुद्दाम दाबला होता. तुम्ही दोघं हिला बोलता ना? मग आधी मला बोला."

हेच! हेच शब्द ऐकायला तिनं तीन वर्षं विष जपलं होतं! पण जिंकल्याचा आनंद कुठे होता? ती मटकन खाली बसून लहान पोरीसारखी रडू लागली. "बाबा... बाबा हो..."

"रड, रड," सासूबाई म्हणाल्या. "मला माफ कर असं म्हणायचं तोंड नाही मला." त्यांनी शेवटचं पान उघडलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अगं... पण हे काय? उपाशीपोटी एकशे चाळीस? हॉस्पिटलात रोज कानावर पडायचं, निरोगी माणसाची शुगर उपाशीपोटी शंभरच्या आत हवी म्हणून. माझा आकडा म्हणून सगळ्यांना झकास वाटला... पण हे रक्त तर तुझं!"

सुनेचं रडं थांबलं. ती तहान, तो शिणवटा... रोज सकाळी सूड म्हणून तिनं ते आकडे लिहिले होते. ते आपले आहेत हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

सासूबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरचं स्वतःचं नाव लाल शाईनं खोडलं आणि तिथं सुनेचं नाव लिहिलं.

"उद्या दोघी डॉक्टरकडे जाऊ. माझ्यासाठी नवी वही आण," म्हणत त्यांनी डोळे घट्ट मिटून बोट पुढे केलं.

सुनेनं डोळे पुसले, सुई हातात घेतली, आणि बोटाची कमी दुखणारी कड शोधू लागली.