बेबीताई, वय एकेचाळीस

“बेबीताई, वय एकेचाळीस.” रक्त घेणाऱ्या लॅबवाल्या पोरानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं… आणि पुन्हा चिठ्ठीकडे. “कोनत्या चक्कीचं पीठ खाता हो तुमी?”

मला हसू आलं. शेजारी बसलेल्या खऱ्या बेबीताईला, म्हणजे माझ्या आत्याला, अजिबात आलं नाही.

नाव तिनंच लिहून दिलं होतं. माझ्या पित्ताशयात खडे झालेले, ऑपरेशन ठरलेलं, आणि त्याच महिन्यात रिसोडच्या एका मुलाशी सोयरीकही जुळत आलेली. पोटावर टाके असलेली पोरगी कोण करून घेईल? म्हणून ओळखीचं कारंजा टाळून आमच्या धनजहून थेट वाशीम गाठायचं, ऑपरेशनआधीच्या तपासण्या आत्याच्या नावानं करायच्या, दवाखान्यातही तेच नाव सांगायचं — असा तिचा बेत. मी तपासण्यांसाठी रात्रीपासून उपाशी होते.

त्यानं माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली. मग सुई बाजूला ठेवली.

“या नळीवर जे नाव चिकटवीन, त्याच नावानं रक्तगट जाईन,” तो हळूच म्हणाला. “भूल देनारा डॉक्टर याच वयावर भरोसा ठेवीन. खरं नाव सांगा… मले नाही, त या नळीले सांगा.”

आत्यानं त्याला आपलं काम पाहायला सांगितलं. हेच तर माझं काम आहे, तो म्हणाला. आवाज चढवला नाही, सुईही उचलली नाही.

“खोडा ते,” मी म्हणाले. “लिहा, धम्मदीपा पंजाबराव, वय तेवीस.”

“अन् रिसोडवाल्याइले कळलं त?”

“कळू दे, आत्या. ज्याले माह्या खड्याची लाज वाटते, त्याच्या घरात मले जायचंच नाही.”

सुई कधी टोचली ते कळलंच नाही. तो ओठ दाबून हसत होता.

मग लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी. खडे पोटात, तर हृदय काहून तपासता, मी विचारलं.

“भूल झेपते का पाहाले. पट्टी शीला सिस्टर काढतीन. मी असलो त… तुमची धडधड वाढून राह्यली.”

“रागानं वाढून राह्यली.”

“रागानंच म्हनतो मी.”

पट्टी छान आली, पण रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन नऊ. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. तेवढ्यात, खड्यांचं कळल्यावर, रिसोडहून नकार आला. मी लोहाच्या गोळ्या घेतल्या, मेथीवर लिंबू पिळून खाल्लं, आणि तीन आठवड्यांनी एकटीच एसटीत बसले. तोवर रिपोर्टवरच्या सहीतलं त्याचं नाव मला पाठ झालं होतं — संघदीप.

“अकरा,” तो म्हणाला. कागद मात्र हातातच धरून ठेवला. “ऑपरेशन होऊ द्या. तब्येत सुधरली का… आईले घेऊन तुमच्या घरी येईन म्हनतो. चालन का?”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण ते ‘सुधरली का’ मला टोचलं.

“नंतर कायले? आधी या. पोटात खडे हायेत, तवाच मागनी घाला.”

रविवारी तो आला. त्याच्या आईसमोर, विमलबाईंसमोर, मी चहाच्या आधी तपासण्यांची फाईल ठेवली. आत्यानं कपाळावर हात मारला.

विमलबाईंनी फाईल उघडलीच नाही. मुलाकडे सरकवली. “तुले समजते ना यातलं? मंग झालं.” मग माझ्याकडे वळल्या. “दवाखान्यात डबा कोन आनते तुले?”

“अजून ठरलं नाही.”

“मी आनीन.”

पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं मान खाली घालायची असते. मी वर केली, आणि सगळ्यांदेखत संघदीपकडे पाहत राहिले… त्यानंच लाजून नजर चहाच्या कपात घातली.