आतून लागणारी कडी

काम म्हणाल तर अगदीच किरकोळ. वरच्या मजल्यावर भाचीची खोली होती, तिच्या दाराची आतली कडी काढून टाकायची, बस्स. एवढ्यासाठी कुलूपवाल्याला कशाला बोलवायचं? पण घरातल्या मामांचं म्हणणं पडलं की स्क्रू गंजून बसलेत, आपल्याच्याने निघत नाहीत. पोर आतून कडी लावते आणि हाका मारल्या तरी उघडत नाही, फार शेफारलीय. हे सांगताना ते छान हसत होते. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे पोरीची आई, मोरीपाशी पाठमोरी उभी होती. एकच कप ती केव्हाची विसळत होती.

वर दुपार पेंगुळली होती. पडद्यातून पिवळट ऊन झिरपत होतं आणि बंद कपाटातल्या जुन्या कपड्यांचा वास येत होता. पोरगी आठ-नऊ वर्षांची असेल. घामाच्या धारा लागाव्यात अशा उकाड्यात अंगात दोन स्वेटर. कोपऱ्याला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेली. कुलूपवाला मोठा बोलका माणूस. दुसऱ्यांच्या चाव्या शोधता शोधता माझे केस हरवले, असं त्याने टक्कल दाखवून सांगितलं. ती हसली नाही. खालून मामा खोकले तेव्हा मात्र तिचा श्वास थांबला. ते त्याला दिसलं, आणि आवडलं नाही.

कडी आडवी सरकणारी होती आणि दाराला बरीच खाली बसवलेली. आता या माणसाची एक खोड होती. काढून फेकायची का असेना, कडी हाताखाली आली की तिला तेल घातल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्याने तेल घातलं, दार लोटलं, कडी चार वेळा मागेपुढे करून पाहिली. मग ती मागे ओढून स्क्रूला पेचकस लावला, तर कडी आपोआप सरकून बसली.

दार कललंय, तो स्वतःशी पुटपुटला. कडी मागे ओढली. ती पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा त्याने ती अंगठ्याने दाबून धरली, तेव्हा लहान, गार बोटांनी त्याचा अंगठा हळूच बाजूला केला. पोरगी तर पलीकडच्या कोपऱ्यात बसली होती.

"ती लावते," पोरगी म्हणाली. "रात्री मामा येतो ना... तेव्हा. पण परवा तिला सरकवता आली नाही... गंजली होती."

कुलूपवाल्याला सगळं कळलं. त्या बोटांची भीती त्यापुढे काहीच नव्हती. पेचकस ठेवून तो जमिनीवर बसला, तिच्यापासून जरा लांब. खोदून खोदून काही विचारलं नाही.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "यात तुझी काही चूक नाही, बाळ."

"कोणाला सांगणार नाही ना?"

"तसं वचन मी देणार नाही. जे तुला मदत करतील त्यांनाच सांगेन."

मुलांच्या मदतीसाठी जो फोन असतो तो त्याने तिथूनच, दबक्या आवाजात लावला. तेवढ्यात दारावर थाप पडली. झालं का, असं मामांनी विचारलं. मग त्यांनी दार ढकललं, पुन्हा जोराने ढकललं. कडी जागची हलली नाही. गंज फार आहे, वेळ लागेल, असं त्याने आतून सांगितलं. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यालाच नवल वाटलं.

दिवेलागणीला मदतीच्या दोन बाया आल्या, सोबत पोलीस. मामा घराण्याच्या अब्रूवर बरंच बोलले आणि शेवटी पोलिसांबरोबर गेले. पोरगी बायांच्या गाडीत जाऊन बसली. तिचे कपडे घ्यायला आई वर आली, तर दार बंद, आतून कडी.

"आत कोणी नाही, ताई," कुलूपवाला म्हणाला.

आईने दारावर तळहात ठेवला, अगदी खाली, कडीच्या उंचीवर. "आहे... ही माझीच खोली होती, लहानपणी. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणजे ते संपलं."

मग ती दाराला ओठ लावून म्हणाली, "त्याला नेलं गं. उघड... मी आलेय."

बराच वेळ काही झालं नाही. मग कडी सरकली, तेल घातल्यामुळे अगदी अलगद. आईने अंधारात हात पुढे केला आणि हुंदके देत जिना उतरू लागली. कपडे तिथेच राहिले. तिचा एक हात अंगापासून जरा दूर होता, मूठ मिटलेली. लहान मूल उतरतं तशी एकेक पायरी, थांबत थांबत. कुलूपवाला भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्याने दोघींना वाट दिली.

त्या खाली पोचल्या. आणि वर, त्याच्या पाठीमागे, दार लागलं. आतून कडी सरकली.

हत्यारं तिथेच टाकून पळत सुटावं असं त्याला फार फार वाटलं. पण तो गुडघ्यांवर बसला, दाराजवळ तोंड नेलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला, "आणि तू... तू कोणाची गं, बाळ?"