दारात गाडी येते का?

"मावशी, बॅग ओढायची नाही! उचलायची!" दिव्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडली.

"अगं, मग चाकं कशाला दिलीत हिला?" पंचशीलामावशी धापा टाकत म्हणाली.

"व्हेनिसला चाकं काय कामाची? जागोजागी कालवा, कालव्यावर पूल आणि पुलाला पायऱ्या!"

भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कमधल्या त्या इमारतीत सकाळपासून हीच धांदल चालली होती. मावशीचं महिला लेझीम पथक इटलीला निघालं होतं, व्हेनिसच्या लोकनृत्य महोत्सवाला! भीमजयंतीच्या मिरवणुकीत घुमणारी त्यांची लेझीम आता थेट परदेशात! पण पथकातली एकही बाई आजवर विमानात बसली नव्हती. म्हणून दिव्या, धर्मेश आणि चांदणी या तिघांनी इंटरनेटवरून माहिती काढून सुट्टीत त्यांची शिकवणीच लावली होती.

"मोठ्या चौकात पायऱ्यांवर बसून खायचं नाही आणि कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. दंड होतो!" चांदणीने बजावलं.

"मग माझा चिवडा?" पथकातल्या शालनकाकूंचा चेहराच पडला.

"बागेतल्या बाकावर बसून खा ना, काकू! आणि पाणी विकत घेऊ नका. जागोजागी नळ आहेत, बाटली भरून घ्या."

"आणि वाट चुकले तर?" मावशीने विचारलं.

"चुकणारच!" दिव्या हसली. "भिंतींवर दिशा दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्या असतात, त्या बघत चालायचं."

तेवढ्यात मावशीच्या मोबाइलवर हॉटेलचे फोटो बघत बसलेला धर्मेश ओरडला, "दिव्या, इकडे ये! हे बघ काय!"

दिव्याने फोटो मोठा केला. हॉटेलच्या दारात फुलांच्या कुंड्या होत्या, आणि कुंड्यांमागे एक लाल स्कूटर!

"अशक्य!" ती पुटपुटली. "व्हेनिसच्या गल्ल्यांत सायकलसुद्धा चालवू देत नाहीत."

फोटोखाली सहल ठरवणाऱ्या साईराजदादाचा मेसेज होता : महोत्सवाची बोट सुटते त्या धक्क्यापासून फक्त पाच मिनिटं!

"पाच मिनिटं म्हणे!" धर्मेशने नाक मुरडलं. "आमचा फ्लॅटपण जाहिरातीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर होता. पप्पा रोज अर्धा तास चालतात!"

दिव्याला हसू आलं नाही. महोत्सवाची बोट भल्या पहाटे धक्क्यावरून सुटणार होती आणि ती कुणासाठी थांबणार नव्हती. हॉटेल लांब असलं, तर पथक धक्क्यावर पोहोचेपर्यंत बोट निघून जाणार! वर्षभराचा सराव पाण्यात!

तिघं धावतच साईराजदादाच्या ऑफिसात गेली. विमान, हॉटेल, सगळं बुकिंग त्याच्याकडेच होतं.

"अरे यार, हॉटेलच्या नावातच व्हेनिस आहे ना!" फोनवरून नजर न उचलता तो म्हणाला. "नकाशे बघत बसायला वेळ कुणाला आहे? जा, खेळा जाऊन!"

"पण दादा, बुकिंग बदलायला आज संध्याकाळपर्यंतच..."

"दिव्या, मी काय करतोय ते मला कळतं!"

परत आल्यावर मावशीनेही तिलाच गप्प केलं. "साईराज आपला पोरगा आहे गं. उगाच खुसपट काढू नकोस."

दिव्या वाद घालत बसली नाही. शाळेत विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, सांगून पटत नसेल तर प्रयोग करून दाखव. तिने धर्मेश आणि चांदणीच्या कानात काहीतरी सांगितलं.

दुपारी गच्चीवर सराव चालू असताना साईराजदादा विमानाची तिकिटं द्यायला आला. दिव्या अगदी भोळा चेहरा करून पुढे झाली.

"दादा, मावशीच्या बॅगा खूप जड आहेत हो. हॉटेलच्या दारात गाडी येते का, विचाराल?"

"एवढंच ना?" सगळ्यांसमोर बडेजाव मिरवायची संधी तो थोडाच सोडणार! त्याने हॉटेलला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फर्ड्या इंग्रजीत प्रश्न टाकला.

"हो सर!" पलीकडून उत्तर आलं. "मोठी बससुद्धा दारात येते. गाड्या लावायला प्रशस्त जागा आहे."

"ऐकलंत?" साईराजदादा ऐटीत म्हणाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"दादा," दिव्या शांतपणे म्हणाली, "जुन्या व्हेनिसमध्ये, म्हणजे पाण्यातल्या बेटांवर, मोटारी चालतच नाहीत. मग बस दारात कशी आली?"

टाळ्या थांबल्या. साईराजदादाने घाईघाईने नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला. हॉटेल लांबलचक पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर होतं!

"म्हणजे भाईंदर सांगून खाडीपलीकडे नायगावला उतरवलं की रे आम्हाला!" शालनकाकू कडाडल्या.

"चुकलं माझं, मावशी." तो ओशाळला. "नाव वाचलं आणि थांबलो. दिव्या, आता तूच हॉटेल शोध. मी फोन लावतो."

चौघांनी मिळून नकाशा पालथा घातला. धक्क्याजवळचं एक छोटं हॉटेल सापडलं, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. साईराजदादाने या वेळी आपणहून विचारलं, "दारात गाडी येते का?"

पलीकडचा माणूस खो खो हसला. "गाडी? साहेब, आमच्या दाराला होडी लागते!"

आता मात्र गच्ची टाळ्यांनी दणाणली! मावशीने दिव्याला जवळ ओढलं. "सकाळी तुलाच गप्प केलं गं मी," एवढंच ती म्हणाली.

...आणि महोत्सवाच्या दिवशी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मागे पाण्यावर डुलणारी बोट, हिरव्या नऊवाऱ्या आणि हातात लेझीम!

"दिव्या!" मावशी आनंदाने ओरडली. "बॅगा उचलून पूल चढलो, एकदासुद्धा थांबलो नाही! आणि आज हॉटेलपासून धक्क्यापर्यंत मी घड्याळ लावून चालले. काय सांगू तुला..."

"किती वेळ लागला?" तिघं एकदम ओरडली.

"खरीखुरी पाच मिनिटं!"

पलीकडे लेझीम छनछनली.