ओहोळाच्या अलीकडे आठ पावलं

समोर रस्ता मोकळा होता. गाय नाही, सायकल नाही, वळणापलीकडून येणारी एस.टी. नाही... तरीही जीपवाल्याने हॉर्न वाजवला. एकदाच, पण लांबलचक.

आणि मोखाड्यापासून थोपटून थोपटून झोपवलेली रविना पुष्पलताच्या मांडीवर दचकून उठली.

“अहो, कुणासाठी वाजवलात?” पुष्पलता तापलीच. “झोपलेलं पोर उठवलंत!”

“सवय हाय, मॅडम,” जीपवाला म्हणाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने.

“त्यो रोज वाजवतो,” शेजारचा म्हातारा तिच्या कानाशी लागला. “ह्याच ओहोळापाशी. जागा वाईट असंल.”

पुष्पलता बी.ए. झालेली होती, वाईट जागांवर तिचा विश्वास नव्हता. तरी तिचा हात आपोआप लेकीच्या कपाळाकडे गेलाच. ताप नव्हता. मग तिने पिशवी चाचपली. पाण्याची बाटली, दुपटं, टोपडं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तो कागद.

कागद मुंबईहून आला होता. ती मोखाड्यात ज्या संस्थेच्या बालपोषण केंद्रात काम करायची, त्या संस्थेने तिला हैदराबादच्या प्रशिक्षणाला निवडलं होतं. सोळा दिवस. परत आली की पर्यवेक्षिका. तिकीट विमानाचं! मोखाड्यात ही बातमी अशी पसरली की लोक तिच्याकडे मान वर करून बघायला लागले, जणू ती आत्ताच उडतेय. पण कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या. विमानतळावर आत जाताना मोठ्यांनी फोटोचं ओळखपत्र दाखवावं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी जन्मदाखला सोबत असावा.

ओळखपत्र होतं. मतदानाचं. जन्मदाखला मात्र नव्हता.

आणि अंगावर पिणारं पोर मागे टाकून ती जाणार नव्हती. म्हणजे दाखला नाही, तर हैदराबाद नाही. हातात वीस दिवस होते.

जव्हारच्या स्टँडवर जीप थांबली. जीपवाला टपावर चढला आणि पाठमोरा होऊन टोपल्यांची दोरी सोडू लागला. निळ्या चौकड्यांचा शर्ट. डाव्या खांद्यावर उसवलेला, पुन्हा शिवलेला... पांढऱ्या दोऱ्याचे सात टाके.

पुष्पलता जागच्या जागी थबकली.

ही पाठ तिच्या ओळखीची होती.

गेल्या ऑक्टोबरातली ती दुपार. मोखाड्याहून जव्हारच्या दवाखान्याकडे निघालेली जीप, परतीच्या पावसाचा टपावर नुसता ताशा, आणि वाटेतच कळा अनावर झालेल्या. नवरा दोन महिन्यांपूर्वी घाटातल्या अपघातात गेलेला. सोबत सासूबाई आणि धोंडीबाई सुईण. धोंडीबाईने जीप थांबवायला लावली, बाकीच्या लोकांना झाडाखाली पिटाळलं. मागच्या दाराशी आडोसा म्हणून दोन्ही हातांनी लुगडं धरून एक माणूस पावसात उभा राहिला. पाठमोरा, ओलाचिंब. सगळं जग फिरत होतं तेव्हा पुष्पलताने ते सात टाके मोजले होते. पुन्हा पुन्हा. मध्येच तो म्हणाला होता, “मॅडम, मी बघत नाय. तुमी खुशाल वरडा!”

तिने तोंड असं पाहिलंच नव्हतं कधी.

“अहो...” तिने खालूनच हाक मारली. “गेल्या वर्षी, ऑक्टोबरात... ओहोळापाशी...”

टपावरचे हात थांबले. मान वळली नाही, पण कान लाल झाले.

“मंगळवार व्हता,” तो दोरीकडे बघत म्हणाला. “तीन वाजून धा मिन्टं.”

*

त्याचं नाव कान्हा. पोशेऱ्याकडचा. बारावी झालेला, मग मामाची जीप चालवायला घेतली ती स्वतःचीच करून टाकलेली. चहाच्या टपरीवर बसून पुष्पलताने त्याला सगळा घोळ सांगितला. दवाखान्यात मायलेकी बाळंतपणानंतर पोचल्या, म्हणून तिथल्या वहीत जन्म लागला नाही. पुढे महिनाभर तिलाच ताप, मग माहेरी, आणि नोंद राहून गेली. आता ओहोळाअलीकडच्या आवळीमाळच्या ग्रामपंचायतीत गेलं की ग्रामसेवक म्हणे, बाळ ओहोळापलीकडे झालं असेल, कुसुंबपाड्यात जा. कुसुंबपाड्याचे म्हणत, अलीकडे झालं असेल. जन्म जिथला, नोंद तिथली.

“वर्षाच्या आत असेल तर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि वरून परवानगी, एवढ्यावर भागतं,” ती म्हणाली. “वर्ष उलटलं की कोर्ट. धोंडीबाई साक्षीला तयार आहेत. पण जागा कुठली म्हटलं की त्या म्हणतात, पोरी, मी पोर बघू की रस्ता?”

“अलीकडं,” कान्हा पटकन म्हणाला.

“तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक?”

“जीप माजी हाय, मॅडम.” त्याने बशीतला चहा उगाच फुंकला. “आठ पावलं अलीकडं. दाखवीन ना.”

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. तशी तिला खोडच होती, आलेल्या माणसाला तिन्ही बाजूंनी बघून घ्यायची. रुंद कपाळ, हसताना एकच गाल आत जातो, रविनाने त्याचं बोट पकडलेलं... आणि तो ते सोडवून घेत नव्हता. चहा थंड झाला तरी.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. प्रतिज्ञापत्रावर साक्षीदाराचा फोटो हवा होता. जव्हारचा स्टुडिओवाला आठाच्या खाली फोटो काढत नाही. कान्हा खुर्चीत असा ताठ बसला की पुष्पलताला हसू आवरेना.

“हसू नका, मॅडम. तुमचं कार्ड बघितलंय मी.”

“काय वाईट आहे त्यात?”

“वाईट नाय. पन कोनाचं तरी कोंबडं चोरताना पकडल्यावानी दिसता.”

“अस्सं? मी मतदार आहे, चोर नाही!”

“कोन म्हनतं चोर नाय...” तो पुटपुटला आणि मग घाबरून एकदम कॅमेऱ्याकडे बघायला लागला. त्याच क्षणी झगझगाट झाला. फोटोत तो घाबरलेलाच आला.

दोन फोटो कागदाला लागले, सहा उरले.

“ह्ये सहा मी काय करू? घरात आरसा हाय,” तो म्हणाला.

“राहू द्या माझ्याकडे. कचेरीत आणखी लागले तर...”

ती अगदी सहज म्हणाली. रस्ताभर मात्र ते सहज वाटलं की नाही याचाच विचार करत राहिली.

धोंडीबाई अंगठा उठवायला आली तेव्हा तिने कान्हाला कोपराने ढोसलं. “ह्योच तो! पाठ करून हुबा, पन थरथरत व्हता गे बाय! मला वाटलं, हिला आधी सोडवू का ह्याला?”

“थंडी व्हती, आजी.”

“व्हती तर! आजबी वाजतेय वाटतं.”

सासूबाई, म्हणजे बुधीआई, घरी बसून सगळं ऐकत होत्या. मुलगा गेल्यापासून त्या कमी बोलायच्या. एका संध्याकाळी नाचणीची भाकरी थापता थापता म्हणाल्या, “जीपवाला बरा हाय. हॉर्न वाजवतो, तोंड वाजवीत नाय.”

पुष्पलता चुलीत नको असताना फुंकत राहिली.

*

ग्रामसेवकाला जागा दाखवायचा दिवस ठरला, आणि आदल्याच दिवशी मुंबईहून निरोप आला. येणार की नाही ते आजच्या आज कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवू. निरोप आला आणि लगेच मोखाड्यातले फोन बंद पडले. कान्हाकडे मोबाईल होता, त्याला रेंज नव्हती.

“शिरपामाळला मिळंल,” तो म्हणाला. “चला.”

शिरपामाळावर वारा असा होता की पदर आणि रविना दोन्ही सांभाळता येईनात. बारीक भुरभुर. खाली दऱ्यांमधून ढग चाललेले. कान्हाने मोबाईल डोक्यावर धरून चार दिशा फिरून बघितल्या, मग एका दगडावर चढला. “हितं! हितं हाय! पन हालू नका!”

ती त्या दगडावर चढली. एका दगडावर दोघं, आणि कडेवर तिसरी. मुंबईची बाई विचारत होती, “कागदपत्रं पूर्ण आहेत ना?”

पूर्ण कुठली? ती हो म्हणाली आणि नोंद झाली नाही तर? तिने कान्हाकडे बघितलं. तो श्वाससुद्धा हळू घेत होता, रेंज जाईल म्हणून.

“हो,” पुष्पलता म्हणाली. “आम्ही दोघी येतोय.”

फोन बंद झाला. दगडावरून मात्र कुणीच उतरलं नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “अख्खा तालुका मला ताई म्हणतो. तुमच्याहून मोठे बाप्येसुद्धा. तुम्हीच तेवढे मॅडम का म्हणता?”

कान्हाने दरीकडे बघितलं. ढगाकडे बघितलं. रविनाकडे बघितलं.

“ताई म्हनायची माजी... तयारी नाय,” तो म्हणाला आणि टुणकन उडी मारून जीपकडे निघाला.

वारा होता म्हणून बरं. चेहऱ्यावर जे काय झालं ते वाऱ्यावर ढकलता आलं.

*

दुसऱ्या दिवशी ओहोळापाशी आवळीमाळचे ग्रामसेवक छत्री मिटून उभे राहिले. “पुरावा काय? रस्ता काय बोलतो का?”

कान्हा कडेला गेला. तिथे चुना फासलेला एक दगड होता. जाणारे-येणारे समजत, सरकारी खूण असेल. त्याने दगडापुढचं गवत बाजूला केलं आणि शेताकडच्या बाजूला बोट दाखवलं.

तिथे तांबड्या रंगात लिहिलेलं होतं. ११ ऑक्टोबर, मंगळवार, ३.१०.

ग्रामसेवकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग ओहोळापासून पावलं मोजत आले. आठ.

“अलीकडेच आहे,” ते म्हणाले. “आमचीच पोरगी झाली ही. वरून परवानगी आली की या दाखला न्यायला.”

ते मोटरसायकलकडे गेले तशी पुष्पलता दगडापाशी बसली. रविना अक्षरांवर तळवा आपटत होती.

“कधी लिहिलंत हे?”

“दुसऱ्या दिवशी.”

“मग रस्त्याच्या बाजूनं का नाही?”

“लोकांनी इचारलं असतं,” कान्हा चपलेने माती उकरत म्हणाला. “तुमचं दुख ताजं व्हतं. त्यात माजं मधीच कशाला... पन त्या दिवशी जीपमधी पयल्यांदा कोन रडलं ना, आनि समदे हसले. तवापासून हितनं जाताना हॉर्न वाजवतो. दुसरं काय करायचं, म्हाईत नव्हतं.”

 पुष्पलताने लेकीचा हात दगडावरून काढून घेतला नाही, एवढंच.

*

दाखला हाती आला तेव्हा विमानाला दोन दिवस उरले होते. पंचवीस सप्टेंबरला पहाटेच बुधीआईंनी रविनाच्या गालाला काजळ लावलं आणि सुनेच्या हातात भाकरी-चटणीचा डबा दिला. “इमानात देतात का नाय, कोन जानं. आनि...” त्यांनी जीपकडे नजर टाकली. “मागं वळून बघायचं तर बघ. माजी ना नाय.”

ओहोळापाशी हॉर्न वाजला. आता रविना त्या हॉर्नची वाट बघायची. तिने दोन्ही हात वर करून टाळ्या पिटल्या.

विमानतळाच्या दाराशी लांब रांग होती. वर्दीतला शिपाई एकेकाचा कागद बघायचा, मग तोंड, मग पुन्हा कागद. पुष्पलताने वाटेत चार वेळा पर्स तपासली होती. तरी तिने ती पुन्हा एकदा चाचपली.

“मराठी का?” शिपायाने तिचं पुटपुटणं ऐकून विचारलं. “तुमचं कार्ड. बाळाचा दाखला.”

तिने दाखला दिला. मतदानाचं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यातून ओढलं, आणि कार्डाला चिकटून आणखी काहीतरी बाहेर आलं, भिरभिरत शिपायाच्या बुटाशी पडलं.

शिपाई वाकला. छोटासा फोटो. रुंद कपाळाचा, घाबरलेला माणूस.

पुष्पलताचे कान गरम झाले.

मागे बॅग घेऊन उभ्या असलेल्या कान्हाने मान लांब करून बघितलं. “मॅडम... त्ये सहाच्या सहा कचेरीसाटी ठेवले व्हते ना तुमी?”

“पाच लागले,” ती म्हणाली. मग खरं बोलावंसं वाटलं तिला. “एकही नाही लागला.”

शिपायाने सवयीने सकाळपासून करत होता तेच केलं. फोटो बघितला. कान्हाचं तोंड बघितलं. पुन्हा फोटो.

“जुळतोय चेहरा,” तो म्हणाला. “पण यांचं तिकीट नाही, हे बाहेरच थांबणार. तुमचे कोण हे?”

“मी डायवर—” कान्हा सुरू झाला.

“ड्रायव्हर नाहीत ते,” पुष्पलताने त्याला तोडलं. रांग थांबलेली होती, मागचा माणूस चुकचुकत होता. एरवी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिने फोटो शिपायाच्या हातातून घेतला आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर ठेवून घडी घातली. “कोण, त्याचा कागद अजून झालेला नाही. अकरा ऑक्टोबरला परत येतेय मी... मग करायचाय. म्हणजे, यांची तयारी असली तर.”

शिपाई मिशीत हसला. “काय हो, तयारी आहे का?”

कान्हाने तोंड उघडलं, मिटलं. बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली. आणि मग त्याने सरळ पाठ फिरवली, त्या ऑक्टोबरातल्या दुपारी फिरवली होती तशी.

निळ्या चौकड्या. पांढरे सात टाके. ते गदगदा हलत होते.

पुष्पलताने रविनाला खांद्यावर घेतलं आणि हसत आत पाऊल टाकलं. त्याचं तोंड वाचायला तिला अजून वेळ लागला असता. ती पाठ मात्र तिला कधीच पाठ झालेली होती.