गुलाबी गोधडी

चैतालीने रंगाचा डबा तीनदा परत पाठवला. पहिला गुलाबी खोकल्याच्या औषधासारखा वाटला, दुसरा मांडवाच्या कापडासारखा भडक, आणि तिसरा भिंतीवर वाळल्यावर चक्क पांढराच दिसायला लागला. पेंटर वैतागून म्हणाला, "मॅडम, सात वर्षांच्या पोरीची खोली आहे ना? तिला काहीही चालेल हो." चैतालीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने चौथा डबा आणायला गेला.

पोरीला काहीही चालणार नव्हतं, हे चैतालीला पक्कं ठाऊक होतं. वैष्णवी दोन वर्षांची असताना तिला नामपूरला आजीकडे, म्हणजे चैतालीच्या सासूकडे ठेवलं होतं. चैतालीची विम्याच्या ऑफिसातली नोकरी, अश्विनच्या सातपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टा, आणि राहायला भाड्याची एक खोली. वर्षभरात आणू म्हणता म्हणता पाच वर्षं झाली. आता पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट झाला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत लेक कायमची घरी यायची होती. पण लेक फोनवर चैतालीला 'तुम्ही' म्हणायची. अहो-जाहो! पोटच्या पोरीने! आणि हाक म्हणाल तर कुठलीच नाही. मम्मी नाही, आई नाही, नुसतं "हॅलो, जेवलात का?" फोन ठेवला की चैताली बाथरूमचा नळ सोडून रडून घ्यायची. आता तिची सगळी भिस्त या खोलीवर होती. खोली बघून पोरीने एकदा, फक्त एकदा आपल्याला आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

खोलीही तिने तशीच केली. पलंगावर छतापासून सोडलेली पांढरी जाळी, जाळीत बारीक पिवळ्या दिव्यांची माळ, खाली पाऊल रुतेल असा मऊ गालिचा, ढगाच्या आकाराची उशी, लेसचे पडदे, आणि कोपऱ्यात लंबगोल आरशाचं बुटकं टेबल. अश्विन म्हणाला, "अगं, मलाच इथं झोपावंसं वाटतंय."

वैष्णवी आली. तिने खोलीच्या दाराबाहेर चपला काढल्या, दारातच उभी राहिली आणि हळूच विचारलं, "इथं कोण राहतं?"

"तू! तुझी खोली आहे ही, वैशू!"

"बरं," असं म्हणून ती पलंगाच्या कडेला, परक्या घरी बसतात तशी बसली.

तिच्या सामानात एक गोधडी होती. आजीच्या जुन्या लुगड्यांची, काळपट, कांद्याच्या चाळीचा वास मारणारी. आजीने फोनवर बजावलं होतं, "मन्हा लुगडानी शे, राहू दे. तिले गोधडीबिगर झोप येस नही." चैतालीने ती गोधडी दुसऱ्याच दिवशी नामपूरला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर परत धाडली. एवढ्या मेहनतीने जमवलेल्या गुलाबी रंगात ते काळं गाठोडं कशाला, असं ती म्हणाली. खरं सांगायचं तर रंग हे निमित्त होतं. आपली लेक पाच वर्षं त्या लुगड्यांच्या उबेत झोपली, हे तिला बघवत नव्हतं.

पण पोरीला झोप येईना. नवी रजई पायाशी लोटून ती सकाळपर्यंत डोळे उघडे ठेवून पडायची. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "गोधडी नाही का तुमच्याकडे?"

चैताली हट्टाला पेटली. गोधडी हवी ना? देते. पण माझी, आणि गुलाबी.

पंचवटीत गोजराबाई गोधड्या शिवायच्या. हातशिलाई, दोऱ्याची ओळ नजर लागावी इतकी सरळ. त्यांची एकच अट होती. "लेकराची गोधडी आईच्या अंगावरच्या साड्यांची शिवते मी. नेसून नेसून मऊ झालेल्या आणा. परक्या बाईचं लुगडं माझ्या सुईखाली घालू नका." आता चैतालीचं कपाट उघडलं तर निम्मे कुर्ते आणि उरलेल्या लग्नाकार्यातल्या जरीच्या साड्या. नेसून मऊ झालेली साडी तिच्याकडे एकही नव्हती.

म्हणून ती बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात गेली. भाजीवाल्यांच्या पलीकडे जुने कपडे विकणाऱ्या बाया बसतात. त्यातल्या मालनबाईच्या ढिगात तिला तीन सुती साड्या दिसल्या. चौथ्या डब्यातला, खोलीच्या भिंतींवरचा गुलाबी. अगदी तोच. धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या.

"या इकायच्या नाय, ताई," मालनबाई म्हणाली. "बदलीच्या हायेत. एका बाईनं ठेवल्यात. लेकराच्या अंगावरचं जुनं कायतरी द्या न् घेऊन जा."

"लेकराचं कशाला?"

"मला काय म्हाईत? तिनं सांगितलं तसं सांगते."

चैतालीकडे वैष्णवीच्या तान्हेपणीची एकच वस्तू होती. बारशाला घातलेलं पिवळं झबलं, त्याच्या छातीवर तिने स्वतः भरलेला ससा. ती स्कूटीवर घरी गेली, कपाटातून झबलं काढलं, नाकाशी धरलं, परत ठेवलं, परत काढलं. मग मनाशी म्हणाली, झबल्यातली लेक आता सात वर्षांची आहे, आणि तिला झोप हवी आहे. तासाभरात साड्या तिच्या हातात होत्या.

गोजराबाईंनी साड्या चाचपल्या. "तुमच्याच ना?"

"माझ्याच," चैताली म्हणाली.

"मग पहिला टाका तुम्ही घाला. आईनं घालायचा असतो."

तिने सुई घेतली, टाका घातला. गोजराबाई तिच्या कुर्त्याकडे बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात गोधडी आली आणि त्या रात्री वैष्णवी गाढ झोपली. सकाळी चैताली तिला उठवायला गेली तर पोर उठून बसलेली, गोधडीची चौपदरी घडी उशाशी, आणि केसांची घट्ट, चापूनचोपून घातलेली पाचपेडी वेणी. चैतालीला साधी तीनपेडी धड जमत नव्हती.

"अय्या! कुणी घातली गं?"

"आईनं."

चैतालीला वाटलं, पोर आजीलाच आई म्हणत असेल, झोपेत काहीतरी बरळतेय. तिने अश्विनला विचारलं. तो हसला. "मला बुटाची नाडी बांधताना मारामार, मी वेणी घालणार?"

दुसऱ्या दिवशी वेणी. तिसऱ्या दिवशी वेणी. चौथ्या दिवशी चैतालीने वेणीच्या टोकाला बांधलेली पट्टी सोडून पाहिली. रिबन नव्हती ती. गुलाबी सुती साडीचा फाडलेला काठ होता. तिने गोधडी चारही बाजूंनी तपासली. कुठेही फाटलेली नव्हती, एक टाका निघालेला नव्हता.

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरात पोहे निवडत होती. खोलीतून आवाज आला.

"आई."

स्पष्ट, लाडात, हेल काढून. चैतालीच्या हातातलं ताट कलंडलं. सांडलेल्या पोह्यांवरूनच ती धावली. अगं बाई, म्हणाली! शेवटी म्हणाली एकदाची! जाळी बाजूला सारून ती गुडघ्यांवर बसली, तिचे डोळे भरून आले होते.

"काय गं बाळा? काय हवंय?"

वैष्णवी गोधडीत हनुवटीपर्यंत शिरलेली होती. तिने चैतालीकडे पाहिलं आणि फार अदबीने म्हणाली, "तुम्हाला नाही म्हटलं."

 गोधडीला शिकेकाईचा वास येत होता, ओल्या केसांना येतो तसा. घरात शिकेकाई कुणी वापरत नव्हतं.

त्या दिवशी तिने गोधडी माळ्यावर टाकली आणि शिडी गॅलरीत नेऊन ठेवली. सोमवारी ऑफिसातून आली तेव्हा वैष्णवी त्याच गोधडीत झोपली होती. शिडी गॅलरीतच होती. अश्विन म्हणाला, "मी काढली नाही गं. शपथ." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

मंगळवारी वैष्णवीचे वरचे पुढचे दोन्ही दात एकदम पडले. पेरू खाताना. चैतालीने ते कापसात गुंडाळून तुळशीच्या कुंडीत पुरले. फ्लॅटवर कौलं कुठली, नाहीतर छपरावर फेकले असते. पोर आरशासमोर उभी राहून त्या खिंडीत जीभ घालून बघत होती आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. चैतालीही हसली. तेवढी पाच मिनिटं ती खरोखर आई होती, आणि मग तिने ठरवलं, बास झालं.

बुधवारी तिने सुट्टी टाकली. अश्विनची दुसरी पाळी होती, तो दुपारपर्यंत घरी होता. "हिच्याजवळच बस. दारातून हलू नकोस," असं बजावून ती गोधडी पिशवीत कोंबून आधी पंचवटीला गेली. गोजराबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी गोधडीवरचा हात असा काढला, जणू चटका बसला.

"खोटं बोललात माझ्याशी? आईचा टाका घातलात ना वर!" त्या ओरडल्याच. "मी उसवणार नाय. जिच्या हायेत तिला नेऊन द्या. आत्ताच्या आत्ता जा."

घाटावर बाजार भरला होता. मेथीच्या जुड्या, चपलांचे ढीग, उसाच्या रसाची गुऱ्हाळं. मालनबाई आपल्या जागेवर होती, चहा पीत. चैतालीला पाहून तिला आनंदच झाला.

"बरं झालं आलात, ताई. तुमची वस्तू ठेवलीय मी." तिने गठ्ठ्याखालून पिवळं झबलं काढलं. "त्या बाईनं परत दिलं."

चैतालीने झबलं हिसकावलंच. ससा तसाच होता. ते नुकतंच धुतलेलं होतं, शिवणीला अजून ओलं. तिच्या जिवात जीव आला.

"मग तिच्या साड्या घ्या. ही गोधडी द्या तिला."

"नको म्हनाली ती. गेली पन." मालनबाईने कपबशी खाली ठेवली. "दर बुधवारी यायची बिचारी. लेकराचं कायतरी आलंय का, इचारायची. किती वर्सं झाली. आज आली ती हसतच. म्हनाली, मालन, आता कपडे नको ठेवू. माझं लेकरू घरी आलं."

 चैतालीने तिथेच, चपलांच्या ढिगाला टेकून फोन लावला.

"वैशू कुठाय?"

"खोलीत," अश्विन म्हणाला. "झोपलीय. मी दारातच खुर्ची टाकून बसलोय. काय झालं?"

"हाक मार तिला. मला ऐकू दे."

"वैशू!" तो फोन तोंडाशी धरूनच ओरडला, आणि मागून बारीक आवाजात "ओ" आली. चैताली भर बाजारात रडली.

स्कूटी तिने कशी चालवली, द्वारका चौकातला सिग्नल लाल होता की हिरवा, तिला काही आठवलं नाही. लिफ्टची वाट न बघता ती चार मजले चढली. अश्विन खरोखरच दारात खुर्ची टाकून बसला होता.

"अगं, हललो नाही मी. एक मिनिटही नाही."

खोलीत दुपारचं ऊन लेसमधून गालिच्यावर पडलं होतं. जाळीतली दिव्यांची माळ लागलेली होती.

जाळीच्या आत पोर बसली होती. तोच फ्रॉक. कपाळावर तोच बारीक तीळ.

केस मोकळे होते.

चैतालीने पिशवी टाकली आणि जाळी सारली. पोरीने वर पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि तिच्या गळ्यात टाकले.

"आई," ती म्हणाली. "किती उशीर केलास गं तू."

चैतालीने तिला घट्ट छातीशी धरलं. पाच वर्षं वाट पाहिलेली हाक होती ती. तिने तिचं तोंड ओंजळीत धरून वर केलं.

पोर हसली. वरचे पुढचे दोन्ही दात जागच्या जागी होते.